गुडघ्याच्या उंचीवर

डीलिया पोचली तेव्हा साडेचारची पंगत बसायला दहाच मिनिटं उरली होती, आणि चर्चच्या तळघरात नुसता गोंधळ चाललेला. प्रॉव्हिडन्सहून एवढी गाडी हाणत आलेली बिचारी, पण हातातली बॅग खाली ठेवायचीसुद्धा उसंत दिली नाही कुणी. रोंडाने, म्हणजे तिच्या भावाच्या बायकोने, थेट तिच्या गळ्यात एप्रन अडकवला.

"आलीस? बरं झालं. ते भोपळ्याचं पातेलं उचल, चार नंबरच्या टेबलावर."

"हॅलो रोंडा. मी मजेत आहे. प्रवासही छान झाला."

"हॅलो पंगतीनंतर," रोंडा म्हणाली, आणि गेलीसुद्धा.

दर ऑक्टोबरला हेच. आख्ख्या व्हरमाँटची पानं लाल-केशरी झाली की त्या शनिवारी चर्चचं चिकन पायचं, म्हणजे वर बिस्किटांचा थर लावून भाजलेल्या कोंबडीचं जेवण, तीन पंगती, आणि बाहेर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लांबलांबच्या नंबरप्लेटच्या गाड्या. पानं बघायला येणाऱ्या त्या लोकांना डॅड पानबघे म्हणायचा. दारातल्या उंच स्टुलावर बसून तो तिकिटांचे नंबर असे पुकारायचा की जणू गाई लिलावाला निघाल्यात. "सत्तावीस! सत्तावीस नंबर, या, या, तुमची कोंबडी थंड होतेय!" आणि पानबघे हसत हसत आत यायचे.

आज त्या स्टुलावर तिचा भाऊ रॉइस बसला होता. डॅड गेल्यानंतरचं हे पहिलं जेवण. रॉइस नंबर पुकारत नव्हता, नुसतं वाचत होता. आणि त्याच्या हनुवटीवर ही एवढी पट्टी.

"हे काय लागलं तुला?" डीलियाने विचारलं. हातात भोपळ्याचं पातेलं तसंच.

रॉइसच्या आधी अंकल हार्लनच बोलला. डॅडचा धाकटा भाऊ, बटाटे कुस्करायला तो कायम पुढे असतो, आणि बोलायला त्याहून पुढे. "दाढी करायला चेनसॉ घेतला साहेबांनी! ब्लेड महाग झालंय ना हल्ली."

"काल नवा चेनसॉ चालवून बघत होतो," रॉइस म्हणाला. "मेपलच्या रानात, अगदी वरच्या टोकाचं एक झाड घेतलं. बुंध्यात बोटभर शिरली असेल नसेल, फाडकन चेन तुटली. तुकडा येऊन हेल्मेटच्या जाळीवर बसला, तिथून घसरून हनुवटीला लागला. जाळी होती म्हणून, नाहीतर डोळा गेला होता. जुनी कुंपणाची तार असणार आत."

"किती उंचीवर लावलेलास?" अंकल हार्लनने विचारलं, आता जरा गंभीर होऊन.

"गुडघ्याच्या. आणखी कुठे? डॅडनेच शिकवलंय. मेपलचा गोड रस काढायच्या तोट्यांची जुनी लोखंडं सगळी कमरेच्या वर. गुडघ्याशी कापलं की साफ लाकूड."

"ते बरोबर आहे," अंकल हार्लन म्हणाला. "गुडघ्याशी तार कशी काय आली पण?"

डीलियाच्या हातातलं पातेलं एकदम जड झालं. म्हणजे खरंच जड झालं, तिने ते जवळच्या टेबलावर टेकवलं तर तिथल्या बाईंनी "थँक यू" म्हणून वाढून घ्यायला सुरुवात केली.

"बाकीचं कधी कापणार आहेस?" तिने विचारलं. आवाज साधा ठेवायचा प्रयत्न केला.

"सोमवारची सुट्टी संपल्यावर मंगळवारपासून ठरवलं होतं. पण मंगळवारपासून पाऊस सांगितलाय. म्हणून उद्या सकाळीच. मी पाडणार, रोंडा ओंडक्यांना साखळ्या अडकवणार." आणि मग तो हसला, डॅड गेल्यापासून बहुतेक पहिल्यांदाच नीट हसला. "आपल्या माची खोली बर्फाच्या आधी उभी राहायला हवी ना. पाया खणलाय. घरी गेलीस की बघ."

पुढचा नंबर त्याने वाचला. एकतीस.

आता गेल्या ऑक्टोबरचं सांगायला हवं, कारण सगळी गोम तिथेच आहे.

गेल्या ऑक्टोबरला, अशाच जेवणाच्या दुसऱ्या दिवशी, डॅड आणि रॉइस कोठारात भांडले होते. रान कापायचं, लाकूड विकायचं, त्यांच्या आईला, म्हणजे माला, आता जिना चढवत नाही, खाली खोली बांधायची, असं रॉइसचं म्हणणं. डॅड म्हणाला, "मी आहे तोवर त्या रानाला हात लावायचा नाही." आणि रॉइस, जो एरवी मुंगीलाही दुखवत नाही, तो म्हणाला, "बरं. तू नसशील तेव्हा लावीन." एवढंच. पण दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता त्याने डीलियाला उठवलं, मोठ्या खिळ्यांची बादली तिच्या हातात दिली आणि म्हणाला, "चल, पाहुणीबाई. जरा काम आहे."

दिवसभर ते रानात होते. निवडलेल्या एकेका मेपलला एकेक खिळा, गुडघ्याच्या उंचीवर. रॉइस तिथेच कापणार, हे डॅडला पक्कं माहीत होतं, त्यानेच तर शिकवलं होतं. खिळा पूर्ण आत जाईपर्यंत ठोकायचा, वर सालीचा तुकडा बसवायचा, चिखल फासायचा. लोखंड असलेलं लाकूड कुठलीच मिल घेत नाही. "पण रॉइसला कळायला हवं ना," डीलियाने विचारलं होतं. "म्हणजे काय! कळल्याशिवाय कसं चालेल?" डॅड म्हणाला. "मार्चमध्ये सांगतो. पहिला रस आटवायला बसलो की. गुऱ्हाळात तो माझ्याशी भांडत नाही."

पटलं होतं तिला. खरंच पटण्यासारखं होतं. आयुष्यात त्या दोघांचं गोड बोलणं झालं असेल तर ते रसाच्या वाफेत, त्या फळकुटांच्या गुऱ्हाळातच.

डॅड जानेवारीत गेला. मार्च आलाच नाही त्याच्या वाट्याला.

"डीलिया! तिथे पुतळ्यासारखी का उभी? इकडे ये," मा हाक मारत होती.

मा ओट्यापाशी खुर्ची टाकून बसली होती. मैद्याने हात पांढरे, समोर पायवर लावायच्या बिस्किटांचं पीठ. चाळीस वर्षं ती हे उभ्याने करायची. डीलियाने वाकून तिच्या गालाला गाल लावला.

"वाळलीस," मा म्हणाली. "रॉइसने सांगितलं का खोलीचं? खिडकी कुठे घेतलीय माहितीये? पूर्वेला. पडल्या पडल्या मला गुऱ्हाळाचं छप्पर दिसेल. आणि खालच्या फळ्या आपल्याच मेपलच्या. अल्डन असता तर बोंबलला असता, पण मनातून खूश झाला असता."

"झाला असता?"

"झाला असता गं. माणूस हट्टी होता, दुष्ट नव्हता." मा पिठाचा गोळा दाबत होती. "परवा जिन्यात पडले मी. कुणाला सांगू नकोस. रॉइसला माहितीये. तो म्हणाला, खोली झाली नाही तर यंदा हिवाळ्यात नदीकाठच्या वृद्धाश्रमात राहावं लागेल. म्हटलं, त्यापेक्षा अल्डनच्या शेजारी झोपते. तर हसला नाही."

"मा, मला तुला एक..."

"बिस्किटं! बिस्किटं कुठायत?" रोंडा ओरडत आली आणि ट्रे उचलून गेली, आणि सांगायचं ते राहिलं. राहिलं म्हणजे, खरं सांगायचं तर, डीलियाला राहिलं तेच बरं वाटलं. आणि बरं वाटलं म्हणून स्वतःची किळसही आली.

शेवटच्या पंगतीत एक म्हातारं जोडपं बसलं होतं, जाडजूड कॅमेरे गळ्यात. बाई डीलियाला म्हणाली, "तुम्ही इथल्याच का हो?"

"हो," डीलिया म्हणाली.

"किती नशीबवान! रोज हे बघायला मिळतं तुम्हाला!"

"हो," डीलिया पुन्हा म्हणाली, आणि कोबीची कोशिंबीर वाढली.

सगळं आवरून घरी आले तेव्हा आठ वाजले होते. स्वयंपाकघराच्या मागच्या दारात गाडीचा उजेड पडला आणि डीलियाने तो पाया बघितला. चौकोनी चर, कडा अगदी ओळंब्यात, रॉइसचं काम. आणि आत पानं. वाऱ्याने उडालेली लाल, पिवळी पानं चरात काठोकाठ भरली होती, जणू कुणी मुद्दाम भरून ठेवलीत.

"रोज सकाळी काढतो, संध्याकाळी परत भरतं," रॉइस म्हणाला. "उद्या रान मोकळं झालं की पानंच कमी!" स्वतःच्याच विनोदावर तो थोडासा हसला.

टेबलावर उरलेली पाय, लोणच्याची बरणी, सफरचंदाची पाय, वर चेडर चीजची चकती. मा, रॉइस, रोंडा, अंकल हार्लन, डीलिया. डॅडची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवलेली. रॉइस खाता खाता चेनला तेल लावायचं, पेट्रोल भरायचं असं काहीतरी बोलत होता. अंकल हार्लन म्हणत होता की मीही येतो सकाळी, वरची बाजू उताराची आहे, दोघंच जाऊ नका.

आणि डीलियाच्या डोळ्यांपुढे एकच. उतारावर उभी रोंडा, हातात साखळी. गुडघ्याशी शिरणारी चेन.

"उद्या कापू नकोस," ती म्हणाली.

"काय?"

"रान. कापू नकोस. झाडांत खिळे आहेत."

अंकल हार्लन हसला. "खिळे कसले? रसाच्या तोट्या म्हणतेस का?"

"तोट्या नाही. खिळे. एवढे." तिने बोटांनी दाखवलं. "गुडघ्याच्या उंचीवर. डॅडने ठोकलेत. गेल्या ऑक्टोबरला. मी बादली धरली होती. एकशे चाळीस झाडांना. मार्चमध्ये तो तुला सांगणार होता, रॉइस, शपथ, गुऱ्हाळात सांगतो म्हणाला होता."

रॉइसने आधी हातातला काटा नीट ताटाच्या कडेला ठेवला. मग हनुवटीवरच्या पट्टीला हात लावला.

"भिंतीवर लिहिलंय," तो म्हणाला. आवाज इतका शांत की डीलियाला भीतीच वाटली. "गुऱ्हाळाच्या भिंतीवर. पेन्सिलने. जिथे आपण पहिला रस कधी आला, थंडी किती होती ते लिहितो ना, तिथेच. 'नऊ ऑक्टोबर, डी. आणि मी, एकशे चाळीस.' मार्चभर माझ्या डोळ्यांसमोर होतं. मला वाटलं, तुम्ही झाडं मोजलीत. मी विचार केला, काय छान, म्हाताऱ्याने शेवटची झाडं पोरीबरोबर मोजली."

"अल्डनने केलं," मा एकदम म्हणाली. "त्यात पोरीचा काय दोष? बापाने बादली धर म्हटलं, धरली. लहानपणापासून त्याच्या शब्दाबाहेर गेलीये का ती?"

"बादली धरली म्हणून कुठे काय म्हणतेय मी?" आता रोंडा बोलली. रोंडा फारशी चढ्या आवाजात बोलत नाही, पण तिचे कान लाल झाले होते. "पण डॅड जानेवारीत गेले. जमीन गोठलेली म्हणून शवपेटी पुरणं मेपर्यंत थांबलं. मेमध्ये कबरीपाशी ही रॉइसच्या खांद्याला खांदा लावून उभी होती. तेव्हा नाही सांगितलं?"

"तेव्हा रान कापायचं काही नव्हतं," डीलिया म्हणाली. "रॉइस म्हणाला होता, यंदा राहू दे. मला वाटलं, उगाच कशाला... डॅडचं नाव खराब..."

"आणि ऑगस्टमध्ये?" रोंडा म्हणाली. "ऑगस्टमध्ये मी फोन केला होता तुला. खोलीचं सांगितलं. रान कापतोय म्हणाले. तू काय म्हणालीस? आठवतंय?"

डीलियाने पायचा तुकडा ताटात इकडून तिकडे सरकवला.

"'छान,' म्हणालीस. 'छान झालं.'"

माने डीलियाकडे बघितलं. ते बघणं मात्र वेगळं होतं. इतका वेळ मा पंख पसरून होती, आता ते हळूच मिटलेले दिसले.

"ऑगस्टमध्ये तुला माहीत होतं?"

"मला समोर बसून सांगायचं होतं, मा. फोनवर नाही. ऑक्टोबरमध्ये येणारच होते."

"काल त्याचा डोळा जाता जाता राहिला," मा म्हणाली.

"मला काय माहीत तो आधीच एक झाड..."

"समोर बसून सांगायचं होतं," रॉइसने तिचे शब्द हळूहळू पुन्हा म्हटले, जणू चव घेऊन बघतोय. "नाही डी. तुला सांगायचंच नव्हतं. तुला ते रान हवं होतं. तुला वर्षातून चार दिवस येऊन बघायला. बाकीचे तीनशे साठ दिवस मा जिन्यात पडते, ते तुला दिसत नाही, कारण तेव्हा पानं लाल नसतात."

"तसं नाही रे."

"मग कसं?"

बरंचसं तसंच होतं.

अंकल हार्लनने खाकरून बघितलं. "आता भांडून काय? काही झाडं तरी वाचतील की. सगळ्यांतच नसतील."

"मिलवाला लोखंड शोधायचं यंत्र फिरवतो," रॉइस म्हणाला. "एका ओंडक्यात लोखंड निघालं की आख्खा माल परत. आणि मी न सांगता पाठवू? त्यांच्या करवतीवरही माणूसच उभा असतो." तो उठला. "म्हणजे बघा ना, काय हुशार म्हातारा! ही गप्प राहिली असती तर मी मेलो असतो. हिने सांगितलं तर रान वाचलं. कसंही करून त्याचंच झालं."

तो बाहेरच्या खोलीत मिलवाल्याला फोन करायला गेला. दारातून त्याचा आवाज येत होता, "हो... हो, खिळे... नाही, मला माहीत नव्हतं... नाही, समजू शकतो." आणि मग फोन ठेवल्याचा आवाज.

मा खुर्चीवरून उठायला बघत होती. तिची काठी डीलियाच्या अगदी हाताशी, टेबलाला टेकवलेली. डीलियाने हात पुढे केला.

"रोंडा," मा म्हणाली, "माझी काठी दे गं."

रोंडा टेबलाला वळसा घालून आली, डीलियाच्या हाताखालून तिने काठी काढून घेतली आणि माला दिली. मग दोघी जिन्याकडे गेल्या. एकेक पायरी. प्रत्येक पायरीला मा थांबायची, आणि डीलिया खाली बसून पायऱ्या मोजत राहिली, तेरा पायऱ्या, लहानपणी ती तीन तीन उड्यांत चढायची.

सकाळी रॉइसने तिच्या दारावर टकटक केलं. अगदी डॅडसारखंच, दोनदा. हातात निळ्या रंगाचे दोन फवारे.

"चल."

"कुठे?"

"खुणा करायला. ज्यात खिळा आहे त्या प्रत्येक झाडावर फुली. तुलाच माहीत आहेत."

"पण मिलवाला तर नको म्हणाला ना?"

"मिलचं सोड. उद्या मी मेलो, रोंडाने कुणाला सरपणासाठी दिलं, त्याला कोण सांगणार? भिंतीवरची पेन्सिल?" तो बूट घालत होता. "माहीत असलं की सांगायचं असतं, डी. एवढंच असतं ते."

रान उभं होतं ते आगीसारखं. खरंच, असा रंग दहा वर्षांत आला नसेल. आकाश मात्र खाली आलेलं, करडं, ओलं, आणि त्या करड्यावर ती लाल झाडं अशी उठून दिसत होती की बघवेना. पायांखाली पानांचा चुबूक चुबूक आवाज. रसाच्या नळ्या झाडाझाडांमधून ताणलेल्या, त्यांच्याखालून वाकून जावं लागत होतं. वरच्या टोकाला परवाचं ते झाड, बुंध्यात बोटभर खाच, खाचेत चकाकणारं काहीतरी. रॉइसने त्याच्याकडे बघितलंही नाही.

पहिली आठ-दहा झाडं डीलियाला लगेच आठवली. गुऱ्हाळाच्या दारातलं जाडजूड. विजेने चिरलेलं. दोन फांद्यांचं. ती खाली बसायची, साल चाचपायची, काळपट डाग सापडला की म्हणायची, "हे." रॉइस फुली मारायचा.

मग अडखळायला लागली. वर्षभरात चिखल धुऊन गेला होता, सालीला शेवाळं आलं होतं, सगळेच बुंधे सारखे. ती एका झाडापाशी बसून राहिली, बोटं गोठून गेली.

"हे?" रॉइसने विचारलं.

"असेल."

"असेल की आहे?"

"मला आठवत नाही, रॉइस."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने त्या झाडावर फुली मारली. पुढच्या झाडावर मारली. त्याच्या पुढच्यावर, त्याच्या पुढच्यावर, विचारायचंच सोडून दिलं. डीलियाही उठली, दुसरा फवारा घेतला आणि उताराच्या दुसऱ्या अंगाने मारत सुटली. फुली, फुली, फुली. अर्ध्या तासात आख्खी टेकडी निळी. जिथे खिळा असेल तिथेही, नसेल तिथेही. लाल पानांखाली एकेका बुंध्यावर एकेक निळी जखम.

मध्येच तो म्हणाला, पाठमोराच, "म्हाताऱ्याची कमालच म्हणायची. हात एवढे थरथरायचे त्याचे गेल्या वर्षी, कॉफी सांडायची कपातली. आणि एका दिवसात एकशे चाळीस खिळे? पूर्ण आत जाईपर्यंत?"

डीलिया थांबली. फवाऱ्यातून निळा थेंब तिच्या बुटावर पडला.

गप्प राहता आलं असतं. त्याने विचारलंही नव्हतं नीट. पण तो म्हणाला होता ना, माहीत असलं की सांगायचं असतं.

"त्याने तीन ठोकले," ती म्हणाली. "तिसरा वाकडा गेला. मग तो बादली घेऊन बसला आणि मी ठोकले. सगळे मी. त्याने नुसती झाडं दाखवली."

रॉइस वळला नाही. पानं गळत होती, एकेक, वारा नसतानाही.

"चांगले ठोकलेस," तो शेवटी म्हणाला. "लहानपणी तुला मीच शिकवलं होतं, हातोडा टोकाला धरायचा."

ते परत उतरायला लागले, तो पुढे, ती मागे, आणि त्यांच्यातलं अंतर तिने कमी करायचा प्रयत्न केला तर तो आणखी भरभर चालायचा.

खाली रस्त्याला गाडी थांबली होती. कालचंच म्हातारं जोडपं, कॅमेरेवाले. बाई आनंदाने हात हलवत होती.

"अहो! काल चर्चमध्ये तुम्हीच वाढत होता ना! जरा आमचा फोटो काढाल का? मागे हे सगळं रान येईल असा?"

रॉइस कुंपणापाशी थांबला. म्हातारा टेकडीकडे डोळे बारीक करून बघत होता.

"झाडांवर ते निळं काय आहे हो? आजारी आहेत का?"

डीलियाला वाटलं, आता तो सांगेल. सगळं. खिळे, म्हातारा, चर, जिना. तसं त्याने सांगितलं असतं तरी तिला चाललं असतं, एका अर्थी ती वाटच बघत होती.

रॉइसने हातमोजे काढले, खिशात कोंबले.

"मला घरी जायचंय, चर बुजवायचाय," तो त्यांना म्हणाला, अगदी सभ्यपणे, डॅड पानबघ्यांशी बोलायचा तसा. "फोटो ह्या बाईंकडून काढून घ्या. त्याही तुमच्यासारख्याच बघायला आल्यात."

आणि तो शेतातून घराकडे चालू लागला.

म्हातारीने फोन डीलियाच्या हातात दिला. तिच्या बोटांचा निळा रंग त्या फोनला लागला, ती पुसायला गेली तर जास्तच पसरला. समोर दोघं एकमेकांना धरून उभे राहिले. त्यांच्यामागे लाल टेकडी, निळ्या फुल्या, आणि अगदी कोपऱ्यात, लहान होत जाणारी रॉइसची पाठ.

"थोडं डावीकडे सरका," डीलिया म्हणाली.

ते सरकले, आणि रॉइस त्यांच्यामागे झाकला गेला.